अंबुजाक्काचं दार

दिवसाउजेडी दार लावून बसणाऱ्या माणसांचा अंबुजाक्काला फार राग यायचा. दार लावायचं ते झोपताना नाहीतर गावाला जाताना. एरवी दार लावणं म्हणजे "घरांत कोणी नाहीं म्हणून रस्त्याला सांगणें", असं तिचं मत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर होतं, आणि ते दार दूधवाल्याच्या आधी उघडायचं ते रात्रीची जेवणं झाली की मगच लागायचं. दाराच्या दोन्ही अंगांना बसायचे दगडी ओटे. तिकडे त्याला तिण्णै म्हणतात. संध्याकाळी उजव्या तिण्णैवर अक्का पाय पसरून बसायची आणि गल्लीतून जाणाऱ्या कुणाचीही तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय सुटका नसायची.

माझीही झाली नाही. मी सांगलीची, विमा कंपनीत नोकरीला. बदली झाली ती थेट तंजावूरला. घर बघत उन्हातान्हात फिरत होते. एजंट तमिळमध्ये काय सांगतोय ते निम्मं कळत नव्हतं, म्हणून वैतागून फोनवर आईला म्हणत होते, की या गावात मी बोलायचं तरी कुणाशी? तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "माझ्याशीं बोल कीं."

मी चाटच पडले. नऊवारी नाही, काही नाही. साधी सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, केसांत मोगरा, आणि तोंडात मराठी. तीसुद्धा कशी, तर आमच्या आजीच्या पोथीतली. "तूं कोठची? येथें बैस. कापी घेतेस?" हे सगळं तमिळ हेलात. तिच्या घराण्याला मराठे राजे असताना इकडे आणलं होतं, ते इथंच राहिले. मी म्हटलं, अहो, तुमची मराठी किती गोड आहे! तर मला म्हणते, "तुझी टीव्हीची मराठी आहे. परवा नाहीं, सुधारेल." म्हणजे काळजी करू नको, होईल दुरुस्त. कॉफी संपायच्या आत वरच्या मजल्यावरची जागा मला मिळाली होती. उठताना मी "जाते" म्हटलं, तर ती चिडली. "जातें म्हणूं नये, येतें म्हण." मग "येते" म्हणून मी निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन आलेसुद्धा.

अक्काला देवनागरी वाचता येत नव्हती. आरत्या तिनं तमिळ अक्षरांत लिहून घेतलेल्या होत्या. पण गणित विचारा. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत तिनं नोकरी सुरू केली, रोज बसनं जाऊन येऊन, आणि मग तंजावुरातच निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. गावातली निम्मी बायकामंडळी तिच्या हाताखालून गेलेली. मंडईत वांगी निवडता निवडता ती भाजीवालीला सतराचा पाढा विचारायची, आणि ती बिचारी पदराआड हसत म्हणायचीसुद्धा. सगळ्या तिला 'टीचर' म्हणायच्या. सकाळी दारासमोर ठिपक्यांचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची ते बघत राहावं. एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

लग्न केलेलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, अगदी भाजी चिरता चिरता. बघायला बरेच आले, एकानं पसंतही केलं, कुंभकोणमचा होता. पण त्याच्या आईला नोकरी करणारी सून नको होती आणि हिला नोकरी सोडायची नव्हती. पुढे वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि तो विषय मागे पडला. "वाईट वाटलं का हो अक्का?" म्हटलं, तर म्हणाली, "पहिले वाटलें. मग परीक्षेचे पेपर आले." असा तिचा कारभार.

तिला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक गणिताचा आणि दुसरा तब्येतीचा. गोळी म्हणून घेतली नव्हती जन्मात. कुणाच्या घरी ताप आला की ही पहिली हजर. आली की आधी आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवायची, सबंध पंजा, जडच्या जड, आणि मग मिरीचं रसम कसं करायचं ते सांगायची. दवाखान्याशी तिचा संबंध एकदाच आला होता, लहानपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा. ती गोष्ट ती फार रंगवून सांगायची. पापनाशमला त्यांची भातशेती होती. तिथं भाताच्या भरल्या गाडीवरून ती खाली पडली, आणि त्याच दिवशी पोटात दुखायला लागून अपेंडिक्स निघालं. "पाहा शनी कसा असतो. एकच दिवस, दोन संकटें." मोठ्या इस्पितळात नेलं, नर्सनं संत्रं दिलं, तसलं संत्रं पुन्हा मिळालं नाही. ही गोष्ट मी दहादा ऐकली आणि दहाही वेळा हसले.

मग तो आजार आला आणि सगळं बंद झालं. साठीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असं रेडिओ सारखा ओरडत होता. अक्का ते ऐकून मान हलवायची, म्हणायची बरोबर आहे, म्हाताऱ्या माणसांनी जपायला पाहिजे. आणि पिशवी उचलून बाहेर. तिचं वय रेडिओतल्या म्हाताऱ्यांत बसत होतं हे तिच्या गावीही नव्हतं. समोर गोपाळराव राहायचे, एकटे, मुलं परदेशात. त्यांना तो आजार झाला, आणि गल्लीतल्या लोकांनी खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. अक्का पातेलं घेऊन सरळ त्यांच्या घरात. त्यांना उठवून बसवलं, रसम पाजलं, चादरी धुतल्या, डोक्यावर हात ठेवून बसली. मी वरून आरडाओरडा केला, माझं कोण ऐकतंय! तोंडाला पदर लावला तेच माझ्यावर उपकार. खाली येऊन मी भांडले, तेव्हा मला समजावत म्हणाली, "वसू, माझ्या अंगांत रोग टिकत नाहीं. देव कोणाला तरी असें करतो. मग त्यानें घरांत बैसावें कां?"

गोपाळराव वाचले. अक्काला साधी शिंकसुद्धा आली नाही. दुसऱ्या लाटेत तर तिनं कहर केला, कुठे कुठे गेली देव जाणे. मला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर तिचा हेवाही वाटायचा. मी हात धुऊन धुऊन सालं काढून घेतली होती आणि ही बाई गावभर हिंडत होती.

लाट ओसरली आणि लोक पुन्हा बाहेर बसायला लागले, तेव्हा अक्काचं पोट दुखायला लागलं. जेवलं की दुखायचं. ओवा झाला, हिंग झालं. शेवटी मी जवळजवळ ओढतच स्कॅनला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, आणि अर्थातच अक्काची विद्यार्थिनी निघाली. "टीचर!" म्हणून उठून उभी राहिली. पित्तखडे होते, काळजीचं काही नाही म्हणाली. मग यंत्र डाव्या कुशीवर फिरवता फिरवता थांबली. पुन्हा फिरवलं. तिथल्या जुन्या व्रणावर बोट ठेवून विचारलं, हे कसलं? अक्का म्हणाली, अपेंडिक्सचं. मुलीनं एकदा पडद्याकडे बघितलं. मग अगदी हळू, वर्गात बाईंची चूक दाखवायची पाळी आल्यावर बोलावं तशी म्हणाली, "टीचर, अपेंडिक्स उजवीकडे असतं."

अक्काच्या पोटात प्लीहा नव्हती. आपण पाणथरी म्हणतो ना, ती. ती काढून टाकलेली होती. गाडीवरून पडली तेव्हा फुटली असणार, म्हणून काढली असणार, असं डॉक्टरीण म्हणाली. माणूस तिच्यावाचून जगतो, पण काही जंतूंशी लढायची अंगातली ताकद कमी होते, साधा तापसुद्धा कधी झपाट्यानं जिवावर बेततो. अशा माणसांना वेगळ्या लशी द्यायच्या असतात, ताप आला की तासाभरात औषध सुरू करायचं असतं. या साथीत तर तुम्ही अगदी धोक्यातल्यांत मोडत होता, तुम्ही पहिल्या दिवसापासून घरात बसायला हवं होतं. हे सगळं ती तमिळमध्ये सांगत होती आणि अक्का साडी सारखी करत ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "आतां सांगतेस?" त्या बिचाऱ्या पोरीचा त्यात काय दोष!

मी विमावाली. लपवलेला आजार आमच्या रोजच्या पाहण्यातला. पण ज्याचा त्यालाच माहीत नाही असा लपवलेला आजार मी पहिल्यांदा बघितला.

घरी आल्यावर अक्का तिण्णैवर बसली नाही. आत गेली आणि चेन्नईला अण्णाला फोन लावला. अण्णा तिचा थोरला भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला. अक्काला एका कानानं कमी ऐकू यायचं म्हणून ती फोनचा स्पीकर लावूनच बोलायची, त्यामुळे मीही ऐकत होते. तिनं विचारलं, माझं ऑपरेशन कसलं झालं होतं? अण्णांनी पलीकडे पंखा बंद केला. मग अण्णा म्हणाले, "आई सांगूं नको म्हणून सांगितली."

मग हळूहळू सगळं निघालं. तिकडची मराठी माणसं मोजकी, सोयरिकी आपसांतच, तंजावूर, कुंभकोणम, चेन्नई, बंगळूर, आणि एका घरची गोष्ट महिन्यात सगळ्या घरांत. मुलीच्या पोटातलं काहीतरी काढलंय हे कळलं असतं तर कुणी बघायलाही आलं नसतं. शेजारच्या एका मुलीचं अपेंडिक्स काढलं होतं आणि तरी तिचं चांगल्या घरी लग्न झालं होतं. म्हणून आईनं ठरवलं, आपल्याही मुलीचं अपेंडिक्सच. घरात हे फक्त आईवडिलांना आणि अण्णांना ठाऊक. अण्णांना आईनं देवासमोर उभं करून शपथ घातली होती, अंबुजाचं लग्न होईपर्यंत हे तोंडातून काढायचं नाही.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "अण्णा, माझें लग्न झालें नाहीं."

"म्हणूनच सांगितलों नाहीं," अण्णा म्हणाले.

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. आई जाऊन जमाना झाला, बघायला येणारे नवरे आजोबा झाले, आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस अजून शपथ पाळत बसला होता, कारण तिची मुदतच संपली नव्हती! तो वाईट नव्हता हो. तोच तर त्रास होता, की रागवायचं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर दार लागलेलं होतं. मला वाटलं मंडईत गेली. मग खिडकीतून आवाज आला, "मी आंत आहें." दार काही उघडलं नाही.

लशी झाल्या, सगळ्या झाल्या. डॉक्टरीण स्वतः घरी येऊन टोचून गेली, तापाचं औषध देऊन गेली, आणि दारातून निघताना स्वच्छ म्हणाली, टीचर, आता जपून हिंडायला हरकत नाही. अक्का बरं म्हणाली आणि तिच्यामागे कडी लावली. मी कितीदा समजावलं. पण ती जी भीती तिनं दोन्ही लाटांत घेतली नव्हती, ती सगळी आता व्याजासकट एकदम आली होती. गोपाळरावांच्या चादरी आठवल्या की ती उठून कोपरापर्यंत हात धुऊन यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणायची, जें झालें नाहीं तें आतां झोपेंत होतें. शिवाय तिला स्वतःच्या अंगाचाच भरवसा वाटेनासा झाला होता. आयुष्यभर जे ताठ मानेनं सांगितलं ते सगळं दुसऱ्याच कुणाचं निघालं.

जगाचं काय! लोकांनी मास्क काढले, लग्नं लागली, देवळात पुन्हा चेंगराचेंगरी सुरू झाली. अक्का खिडकीशी. उंबऱ्याबाहेर यायचं नाही म्हणून तिचं कोलम बंद पडलं. मग मीच काढायला लागले. मी कसली काढणार, आमच्याकडे दिवाळीपुरती रांगोळी. ती गजांतून बघायची आणि म्हणायची, "तिसरी ओळ वांकडी. पुसून टाक." मी मुद्दाम एखादी ओळ वाकडी काढायची, तेवढंच तिचं बोलणं व्हायचं.

सुरुवातीला येणारे-जाणारे खिडकीशी थांबायचे. हळूहळू थांबेनासे झाले. त्यांचंही काय चुकलं म्हणा, खिडकीशी उभं राहून माणूस किती बोलणार! नवरात्रात तिकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलू म्हणतात, आणि बायका एकमेकींकडे बघायला जातात. अक्कानं पायऱ्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या. पहिल्या वर्षी बायका रस्त्यात उभ्या राहून गाणी म्हणाल्या, तिनं गजांतून सगळ्यांना हरभऱ्याची उसळ दिली. पुढच्या वर्षी तुरळक आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी संध्याकाळी दिवे लावून, बाहुल्यांमागे खुर्ची टाकून, केसांत गजरा माळून ती बसून राहायची. उसळ मी एकटी खायची. रोज चांगली झालीय म्हणायची.

अण्णा एकदा आले. धोतराचा सोगा सावरत, हातात पिशवी, चेन्नईहून रेल्वेनं. खिडकीतून अक्कानं विचारलं, गाडीत गर्दी होती का? दुसरा असता तर नाही म्हणाला असता. हा माणूस "होती" म्हणाला. "मग तेथेंच बैस," ती म्हणाली. ते डाव्या तिण्णैवर बसले. तिनं दार वीतभर उघडून जेवणाचं ताट बाहेर ठेवलं आणि लावून घेतलं. सगळं त्यांच्या आवडीचं होतं, डांगराची पचडीसुद्धा. जेवण झाल्यावर हात धुताना त्यांनी मला हळूच विचारलं, ती माझ्यावर रागावली आहे की मला घाबरते आहे? मी म्हटलं, मला नाही सांगता येणार. निवृत्त झाल्यावर एकदा सांगायचं मनात आलं होतं, म्हणाले, पण मग आई खोटी ठरली असती. दोघं बहीणभाऊ ऊन उतरेपर्यंत भिंतीच्या दोन बाजूंना बसून होते. बोलले ते पापनाशमच्या शेतातल्या विहिरीबद्दल.

माझी बदली यायचीच होती, आली. सांगली नाही, पण महाराष्ट्र. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. सकाळी रिक्षा दारात उभी करून मी खिडकीशी गेले. कोलम काढून झालं होतं, त्या दिवशी चांगलं जमलं होतं, तर तिनं बघितलंही नाही. मी म्हटलं, "अक्का, येते हं."

तिनं गज धरले होते. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "वसू, खरें सांग. येतेस कां, कीं म्हणायचें म्हणून म्हणतेस?"

माझ्या तोंडावर आलं होतं, येणार म्हणजे काय, दिवाळीला येते की! माझी आई तिकडे अंथरुणावर होती, मला कुठलं यायला जमणार होतं! पण या बाईला आजवर सगळ्यांनी तिच्या भल्यासाठीच गप्प बसून फसवलं होतं. मी म्हटलं, "नाही अक्का. बहुतेक नाही जमायचं मला परत यायला."

मला वाटलं आता ती आत जाईल. ती खिडकीतून दिसेनाशी झाली खरी. मग कडी वाजली. दार उघडलं, वीतभर नाही, दोन्ही फळ्या सताड. हातात कुंकवाचा करंडा घेऊन अक्का उंबरा ओलांडून बाहेर आली. तोंडाला पदरसुद्धा नव्हता. उन्हात आल्यामुळे डोळे बारीक करत होती. किती वाळली होती ते मला तेव्हा दिसलं, खिडकीत अर्धंच माणूस दिसतं. तिनं मला कुंकू लावलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, सबंध पंजा, जडच्या जड. मला रडू आवरेना. ती म्हणाली, "वेळेवर सांगितलीस. बरें केलीस."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी बसले. गल्लीच्या टोकाशी मागं वळून पाहिलं तर अक्का उजव्या तिण्णैवर पाय पसरून बसली होती. समोरून गोपाळराव काठी टेकत चालले होते, ते तिला बघून रस्त्यातच थांबले. एवढंच मला दिसलं, मग रिक्षा वळली. दार तिच्यामागे उघडंच होतं.